‘अंकल हॅज कम यस्टरडे’ : सातवीतल्या एका वहीचं प्रकरण

सातवीचा वर्ग, मराठी माध्यम. प्रेझेंट परफेक्ट, म्हणजे इंग्रजीतला पूर्ण वर्तमानकाळ, शिकवून झालाय. ‘हॅव किंवा हॅज, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप’ हे सूत्र सगळा वर्ग एका सुरात म्हणून दाखवतो. मग फळ्यावर दहा मराठी वाक्यं येतात, मुलं ती इंग्रजीत लिहितात, आणि वह्या तपासताना दहापैकी आठ चुकलेली एक वही हातात येते. अशा वह्या जवळजवळ प्रत्येक वर्गात असतात. इथे सोयीसाठी एका मुलीची म्हणून एकच वही धरली आहे. तिच्यातल्या चुका कुठल्याही इंग्रजीच्या शिक्षकाला तोंडपाठ असतील.

वहीतलं पान असं :

१. बाबा आले आहेत. – फादर हॅव कम.
२. आईने आंबे आणले आहेत. – मदर हॅव ब्रॉट मँगोज.
३. मामा काल आला आहे. – अंकल हॅज कम यस्टरडे.
४. मी जेवले आहे. – आय ॲम ईटन.
५. आम्ही तीन वर्षांपासून या गावात राहतो. – वी लिव्ह इन धिस व्हिलेज सिन्स थ्री इयर्स.
६. तू कधी समुद्र पाहिला आहेस का? – व्हेन हॅव यू सॉ द सी?
७. मी अजून गृहपाठ केलेला नाही. – आय डिड नॉट डन होमवर्क यट.
८. ताई पुण्याला जाऊन आली आहे. – सिस्टर हॅज गॉन टू पुणे.
९. त्याने दार बंद केलं आहे. – ही हॅज शट द डोअर.
१०. मी पत्र लिहिलं आहे. – आय हॅव रिटन अ लेटर.

शेवटची दोन बरोबर आहेत, पण त्यावर विसंबू नये. ‘शट’ची तिन्ही रूपं सारखीच, त्यामुळे तिथे चुकायला जागाच नव्हती. आणि पत्राचं वाक्य हे फळ्यावरचं ठरलेलं उदाहरण, ते पाठ होतं. म्हणजे मुलीला हा काळ किती कळला, याचा पुरावा या पानावर नाही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे सूत्र वीस वेळा लिहून आणायला सांगणं. तो इथे निरुपयोगी, कारण सूत्र तिला येतंच. पान नीट वाचलं तर दिसतं की आठातली जवळपास प्रत्येक चूक सरळ मराठीतून आली आहे. मुलगी आपली भाषा फार इमानदारीने उतरवते आहे, म्हणून दुरुस्तीही मराठीतूनच सुरू करावी लागते.

पहिलं वाक्य घ्या. ‘फादर हॅव’ ही हॅव-हॅजच्या नियमाची चूक वाटते. पण हीच मुलगी ‘भाऊ आला आहे’चं ‘ब्रदर हॅज कम’ असं बिनचूक लिहिते. फरक ‘आले आहेत’मध्ये आहे. बाबांसाठी मराठीत आदरार्थी अनेकवचन लागतं, मुलीला क्रियापदात अनेकवचन दिसलं, तिने ‘हॅव’ घातलं. ‘सर आले आहेत’, ‘आजोबा झोपले आहेत’ यांचीही तीच गत होणार. अशा वाक्यांत हॅजऐवजी हॅव कधी येतं ते पाहिलं, तर घरातली मोठी माणसं आणि शाळेतले शिक्षक एवढीच यादी निघते.

दुसऱ्या वाक्यातली चूक वरून तशीच दिसते, कारण मात्र वेगळं. आईला आपण ‘आई आली’ म्हणतो, तिथे आदरार्थी अनेकवचन नाही. तरीही ‘मदर हॅव’ आलं, कारण ‘आणले आहेत’ हे आंब्यांप्रमाणे चालतं. मराठीत कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद कर्माच्या मागे जातं : आईने भाकरी आणली आहे, आईने आंबे आणले आहेत. शंका असेल तर तोंडी पडताळून पाहता येते. त्याच मुलीला ‘आईने भाकरी आणली आहे’ हे वाक्य द्यावं. ‘मदर हॅज ब्रॉट’ असं उत्तर आलं, तर निदान पक्कं. भाकरी एक म्हणून हॅज, आंबे अनेक म्हणून हॅव. आई दोन्हीकडे तीच. ‘सिंग्युलर-प्लुरल लक्षात ठेव’ हा शेरा इथे उलटा लागतो. तिने सिंग्युलर-प्लुरल लक्षात ठेवलंच होतं, फक्त आंब्यांचं.

चौथ्या वाक्यात ‘आहे’ म्हणजे ‘इज, ॲम, आर’ हे पहिलीपासून डोक्यात बसलेलं समीकरण बोलतंय. ‘हॅव’ तिला माहीत आहे ते ‘आय हॅव अ पेन’मधलं, म्हणजे माझ्याकडे पेन आहे. जेवण काही कुणाकडे असत नाही, मग तिथे ‘हॅव’ कसं येईल? तिच्या बाजूने हा तर्क रास्तच आहे.

तिसरं वाक्य या प्रकरणाचा गाभा आहे. त्याकडे शेवटी येऊ, कारण वर्गातही ते चौथ्या दिवसाआधी काढू नये.

दुरुस्तीला पस्तीस मिनिटांचे सहा तास लागतात. पाचांत भागवायला गेलं की कालवाचक शब्दांचा तास चेंगरतो.

पहिल्या तासाला सूत्राचं नावही काढायचं नाही. एका मुलाला बाहेर पाठवायचं. वर्गाने तीन बदल करायचे : खिडकी लावायची, डस्टर टेबलावरून उचलून दप्तरात ठेवायचं, फळा पुसायचा. मुलगा आत येतो, बघतो आणि सांगतो : ‘यू हॅव शट द विंडो. यू हॅव टेकन द डस्टर. यू हॅव क्लीन्ड द बोर्ड.’ क्रियापदं सहाच ठेवायची : शट, ओपन, टेक, पुट, मूव्ह, क्लीन. त्यांची तिसरी रूपं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली तरी चालतात, आज पाठांतराची परीक्षा नाही. चार-पाच मुलं अशी बाहेर जाऊन आली की वर्गाच्या कानाला ‘यू हॅव’ची सवय होते. त्या दिवशी ‘हॅज’ येतच नाही, हे मुद्दामच.

खेळातली खरी गोष्ट अशी की आत आलेल्या मुलाने क्रिया घडताना पाहिलेली नसते, केव्हा घडली हेही त्याला माहीत नसतं. त्याला फक्त परिणाम दिसतो. प्रेझेंट परफेक्टमधला ‘प्रेझेंट’ तो हाच. शिक्षक इथे दोन ठिकाणी घसरतात. एक, परिणाम न उरणारी क्रिया घेतात. ‘आय हॅव वॉक्ड’, ‘आय हॅव जम्प्ड’ करून दाखवतात. उडी मारून झाल्यावर दाखवायला काही शिल्लक नसतं आणि मुलं ‘जम्प्ड’ हा साधा भूतकाळच समजतात. दोन, उत्साहाच्या भरात ‘व्हेन?’ विचारतात. तो प्रश्न आला की इंग्रजीचा काळच बदलतो, आणि खेळ ज्यासाठी मांडला तेच मोडतं.

दुसरा तास तिसऱ्या रूपांचा. वर्णानुक्रमे छापलेली लांबलचक यादी मुलांच्या हाती देऊ नये. चोवीस क्रियापदं पुरतात, रूपांच्या ठेवणीप्रमाणे गट पाडून. तिन्ही रूपं सारखी : कट, पुट, शट, हिट. दुसरं-तिसरं सारखं : ब्रिंग-ब्रॉट, बाय-बॉट, मेक-मेड, लूज-लॉस्ट, फाइंड-फाउंड आणि रीड. रीडचं स्पेलिंग बदलत नाही, उच्चार मात्र रीड-रेड-रेड, हे मोठ्याने म्हणून घ्यावं. पहिलं-तिसरं सारखं : कम-केम-कम, रन-रॅन-रन. तिन्ही वेगळी : ईट, सी, गो, राइट, ब्रेक, टेक, ड्रिंक, डू. उरलेली चार ईडीवाली : ओपन, क्लोज, क्लीन, वॉश.

‘कम’चा गट दोनच शब्दांचा, पण सर्वाधिक त्रास त्याचाच. ‘हॅज कम’ लिहिलेल्या मुलाला आपण पहिलंच रूप लिहिलं असं वाटतं आणि तो खोडून ‘हॅज केम’ करतो. बरोबर उत्तर खोडून चूक केलेली वही दिसली तर समजावं, गट पाडून शिकवलेलं नाही. ईडीच्या उच्चाराला पाच मिनिटं द्यावीत. शेवटी क, प, श, स, च यांसारखा आवाज असेल तर ‘ट’ : वॉश्ट, वॉक्ट. ट किंवा ड असेल तर ‘इड’ : वाँटिड, मेंडिड. बाकी ठिकाणी नुसता ‘ड’ : ओपन्ड, क्लीन्ड. ‘वॉशेड’ म्हणणारा वर्ग ऐकताना ईडी ओळखू शकत नाही, म्हणून हे आत्ताच.

तिसऱ्या दिवशी कर्ता. रीत एकच : वाक्यातल्या कर्त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात ही, शी, इट, वी किंवा दे लिहायचं, मगच हॅव की हॅज ते ठरवायचं. ‘आईने आंबे आणले आहेत’मध्ये ‘ने’ला गोल करायचा, आंब्यांवर बोट ठेवून ते झाकायचे आणि आईवर ‘शी’ लिहायचं. शीला हॅज. बोट ठेवणं बालिश वाटेल, पण नजर कर्मावरून हटवायला तेच कामी येतं. ‘बाबा’वर ‘ही’ लिहिताना काही मुलं थबकतात. त्यांना ते बाबांना अरे-तुरे केल्यासारखं वाटतं. इंग्रजी क्रियापदात आदर दिसत नाही, तो ‘सर’, ‘मिस्टर’ अशा शब्दांत आणि बोलण्याच्या तऱ्हेत असतो, हे एकदा उघड सांगून टाकलं की अडसर निघतो. सराव दहा वाक्यांचा घ्यावा. त्यात पाच मोठ्या माणसांची आणि पाच ‘ने’ची, कर्म मुद्दाम अनेकवचनी ठेवून.

चौथ्या दिवशी मामा येतो.

‘मामा काल आला आहे’ हे मराठीत शंभर टक्के बरोबर आहे. कालच आलाय, म्हणजे अजून घरी आहे. भेटायचं तर या. मराठीचा पूर्ण वर्तमानकाळ ‘काल’ला सहज घरात घेतो. इंग्रजीचा घेत नाही. तिथे संपलेल्या वेळेचं नाव वाक्यात आलं की साधा भूतकाळच हवा : ‘अंकल केम यस्टरडे.’ मग तो अजून इथेच आहे हे सांगायचं तर दुसरं वाक्य जोडायचं : ‘ही इज स्टिल हिअर.’ मराठी जे एका वाक्यात सांगते त्याला इंग्रजीला दोन लागतात. मुलीला आधी हे सांगावं की तुझं मराठी चुकलेलं नाही. तसं न सांगता नुसती लाल रेघ मारली, तर तिला वाटतं हॅज-कममध्येच काहीतरी बिघडलंय, आणि ती ‘हॅज केम’कडे वळते.

यासाठी सोळा चिठ्ठ्या करायच्या, प्रत्येकीवर एक वेळ. काल, परवा, मागच्या रविवारी, दोन दिवसांपूर्वी, पाचवीत असताना, गेल्या दिवाळीत, २०१९ मध्ये, मघाशी नऊ वाजता : या आठ मिटलेल्या दारातल्या. आज, या आठवड्यात, या वर्षी, आत्ताच, आजवर, अजून, कधीच नाही, दोनदा : या उघड्या दारातल्या. टेबलावर ‘मिटलेलं दार’ आणि ‘उघडं दार’ असे दोन खोके ठेवायचे. मुलाने चिठ्ठी उचलून एकच प्रश्न विचारायचा : ही वेळ संपली का? संपली तर मिटलेलं दार, तिथे हॅव-हॅजला मज्जाव. ‘दोनदा’वर वर्ग हमखास अडतो. त्यात वेळच नाही, फक्त गणती आहे, म्हणून ती उघड्या दारात. पण ‘गेल्या वर्षी दोनदा’ म्हटलं की लगेच पलीकडे. सतरावी चिठ्ठी ‘आज सकाळी’ अशी करून ती हातात धरावी. तास सकाळी असेल तर उघडी, दुपारच्या शाळेत मिटलेली. यावर मुलं भांडतात. भांडू द्यावं, नियम त्यातच मुरतो.

आता एक धोका, जो याच तासातून जन्मतो. ‘काल’बरोबर ‘हॅज’ चालत नाही हे कळल्यावर मुलगी ‘अंकल हॅड कम यस्टरडे’ लिहिते. पुन्हा मराठीच : ‘मामा काल आला होता.’ मराठीत ‘होता’ फार सढळपणे वापरला जातो. ‘आम्ही दिवाळीत कोकणात गेलो होतो’ म्हणताना आपल्याला फक्त ‘गेलो’ एवढंच म्हणायचं असतं. इंग्रजीत हॅड येतं ते आधीच्या दोन घटनांपैकी जी अधिक आधीची तिला, ‘आम्ही पोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ अशा वाक्यात. सातवीत एवढंच सांगावं : एकच घटना असेल तर ‘होता’ कडे बघायचं नाही, वेंट, केम, सॉ लिहायचं. हे न सांगता चौथा तास संपवला, तर पुढच्या आठवड्यात वह्या हॅडने भरतात आणि शिक्षकाला वाटतं वर्ग मागे गेला. तो एक पायरी पुढे येऊन अडलेला असतो.

याच दिवशी जोडीने करायचं एक संभाषण आहे, आणि सगळ्या सरावांत ते सर्वांत मोलाचं :

– हॅव यू एव्हर सीन द सी?
– येस, आय हॅव.
– व्हेन डिड यू सी इट?
– आय सॉ इट लास्ट इयर.

पहिल्या दोन ओळी उघड्या दारातल्या, पुढच्या दोन मिटलेल्या. काळ कुठे उलटतो ते मुलांना तोंडाने जाणवतं. सहाव्या वाक्यातली चूकही इथेच सुटते. मराठीत ‘कधी’ एकच, इंग्रजीत त्याचे दोन शब्द. ‘कधी पाहिलास?’ याचं उत्तर तारीख किंवा वेळ, म्हणून व्हेन. ‘कधी पाहिला आहेस का?’ याचं उत्तर हो किंवा नाही, म्हणून एव्हर. प्रश्नात ‘का’ नसला तरी उत्तर काय येईल ते मनात म्हणून बघायला सांगावं. प्रत्येक जोडीने समुद्र, साप, हत्ती, विमान, किल्ला यांतले तीन विषय घ्यावेत. ‘नो, आय हॅव नॉट’ आलं की संभाषण तिथेच थांबतं. पुढे ‘व्हेन’ विचारणाऱ्याला जोडीदारच हसतो.

पाचवा दिवस ‘पासून’चा. आपलं ‘पासून’ मोजलेल्या काळालाही लागतं आणि सुरुवातीच्या क्षणालाही. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे, असंही आपण म्हणतो आणि पंचवीस वर्षांपासून आहे, असंही. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला सिन्स, मोजलेल्या काळाला फॉर. ओळखायची खूण : ‘पासून’ काढून ‘झाली’ किंवा ‘झाले’ लावून बघायचं. ‘तीन वर्षं झाली’ जमतं, म्हणून फॉर. ‘सोमवार झाले’ जमत नाही, म्हणून सिन्स मंडे.

पण पाचव्या वाक्यात अर्धी चूक क्रियापदात आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फॉर-सिन्स शिकवल्यावर मुलगी लिहिते, ‘वी लिव्ह हिअर फॉर थ्री इयर्स’, आणि शिक्षक बरोबरची खूण करून मोकळे होतात. मराठीत चालू असलेल्या गोष्टीला वर्तमानकाळ लागतो, ‘राहतो’. इंग्रजीत मागे सुरू होऊन आजपर्यंत आलेल्या गोष्टीला हॅव लागतं : ‘वी हॅव लिव्ह्ड हिअर फॉर थ्री इयर्स.’ हॅव गाळून नुसतं ‘लिव्ह्ड’ ठेवलं तर अर्थ होतो की तीन वर्षं राहिलो आणि मग गाव सोडलं. फळ्यावर दोन आडव्या रेघा ओढून एकीचं टोक ‘आज’ला टेकलेलं आणि दुसरीचं त्याअलीकडेच तुटलेलं दाखवलं, की दोन्ही वाक्यं शेजारी उभी राहतात. ‘हॅव बीन लिव्हिंग’ हेही तितकंच बरोबर, पण ते सध्या बाजूला ठेवावं.

सहाव्या दिवशी दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी आणि नवी चाचणी. ‘गॉन’ आणि ‘बीन’ समजावताना इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं बरीच शाई खर्च करतात. मराठी मुलाला दोन शब्द पुरतात. ‘गेली आहे’ म्हणजे हॅज गॉन, ‘जाऊन आली आहे’ म्हणजे हॅज बीन. ताई पुण्यातून परत आली असेल तर बीन. आपल्या भाषेत हा भेद आयता आहे, तो वापरत नाही एवढंच. सातव्या वाक्यातल्या ‘डिड नॉट डन’मध्ये ‘नाही’साठी आधीच शिकलेलं डिड नॉट आणि ‘केलेला’साठी डन अशा दोन खुणा एकमेकींवर चढल्या आहेत. ‘अजून … नाही’ असा सांगाडा दिसला की ‘हॅव नॉट … यट’ असा एकच साचा बसवावा. कार्टून बघणारी मुलं अमेरिकन बोलीतलं ‘डिड यू ईट यट?’ ऐकून येतात. ते तिकडे चालतं, बोलताना टोकू नये. लेखी उत्तरात मात्र हॅववालं रूप मागावं.

तपासणीची पद्धत बदलली नाही, तर सहा तासांचं काम दिसतच नाही. प्रत्येक वाक्याला तीन खुणा द्याव्यात : मदतीचं क्रियापद, तिसरं रूप, वेळ. ‘फादर हॅव कम’ला तीनपैकी दोन मिळतात, ‘अंकल हॅज कम यस्टरडे’लाही दोन, आणि मुलीला कळतं की पहिल्यात कर्त्यापाशी चुकलं, दुसऱ्यात वेळेपाशी. नुसत्या फुलीने दोन्ही सारखीच वाटतात.

चाचणीची वाक्यं नवी हवीत, जुन्याच साच्यातली, कर्ते बदललेले, दोन वाक्यांत मुद्दाम ‘होता’ घातलेला. अशा चाचणीत हॅव-हॅज लवकर सुधारतं, तिसरी रूपं त्यामागोमाग, आणि वेळेची खूण सर्वांत शेवटी. ‘ताई मागच्या आठवड्यात पुण्याला जाऊन आली आहे’ या वाक्याला वहीत उत्तर येतं : ‘सिस्टर हॅज बीन टू पुणे लास्ट वीक.’ बीन अगदी नेमकं, हॅजही जागेवर. मराठीतली ती मागच्या आठवड्याची मुभा अजून सुटलेली नाही. लाल रेघ फक्त शेवटच्या दोन शब्दांखाली मारावी, आणि समासात लिहावं : दार मिटलंय का?